शून्य टक्क्यांचा अहवाल: एका मराठी प्रबंधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिकत बीड जिल्ह्यातल्या एका संशोधिकेची आहे. ती तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर, जितके तास घेतले तितकं मानधन) मराठी शिकवते आणि मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात तिची पीएच.डी.ची नोंदणी होती. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव, गाव आणि विद्यापीठ सांगत नाही, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत.

तिचा विषय होता ऊसतोड करणाऱ्या बायकांची गाणी आणि त्यांची बोली. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात, पाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाची उचलही (आगाऊ रक्कम) कोयत्यावर मिळते. त्यामुळे बाईची मजुरी वेगळी अशी हिशेबात दिसतच नाही. गाण्यात मात्र ती दिसते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं, तान्ह्या पोराला फडाच्या कडेला झोळीत टाकून जाणं, पहाटे तीनला कोपीबाहेर (पाचटाच्या झोपडीबाहेर) पेटवलेली चूल, हे सगळं त्या बायका ओवीत सांगतात. संशोधिकेने हे साहित्य उन्हाळ्यात गावोगाव जाऊन आणि दोन हंगाम थेट फडावर राहून गोळा केलं. माझ्या मते या विषयावर इतकं जवळून काम करणारी माणसं फार थोडी आहेत. म्हणूनच पुढे जे घडलं ते मला लागलं.

तिची साधनं आपल्याकडच्या बहुतेक संशोधकांची असतात तीच. फोनमधला रेकॉर्डर, व्हॉट्सॲप, पूर्वीचे प्रबंध पाहायला शोधगंगा आणि तालुक्याच्या ठिकाणचं एक डीटीपी सेंटर. ती वहीत लिहायची, सेंटरवाले दादा टाइप करून द्यायचे, ती प्रिंट गाईडसरांकडे जायची आणि सर लाल पेनाने खुणा करून परत द्यायचे. पाच वर्षांत पाच प्रकरणं, साधारण तीनशे पानं अशी तयार झाली. दादांचा हात टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेला होता आणि ते जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करायचे. पानं देखणी यायची. फॉन्ट कोणता, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

अडचण

प्रबंध जमा करण्याची मुदत सात आठवड्यांवर आली तेव्हा तिने सॉफ्ट कॉपी साम्य तपासणीसाठी पाठवली, म्हणजे मजकूर दुसऱ्या कोणाच्या लेखनाशी जुळतो का हे सॉफ्टवेअरने पाहण्यासाठी. आठ दिवसांनी अहवाल आला: साम्य शून्य टक्के.

ती पेढे घेऊन ग्रंथालयात आली. सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं. गाईडसरांनाही फोनवरून आकडा सांगून झाला होता. मी सहज म्हणाले, "अहवालाची पूर्ण फाइल दाखव बरं." पहिल्याच पानावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं आणि कंस यांचा नुसता खच होता. मराठीचा एक शब्द नाही.

कारण समजायला सोपं आहे. जुन्या फॉन्टमध्ये संगणक मनात रोमन अक्षरच साठवतो. फॉन्ट त्या अक्षराच्या जागी 'क' किंवा 'म' चं चित्र दाखवतो, एवढंच. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो रोमन अक्षरांचा कचरा. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कुठलाही लावा. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांनी छपाईच्या काळात मराठीची मोठी सेवा केली, हे मी आदराने म्हणते. पण तपासणीच्या यंत्राला अशा मजकुरात भाषाच सापडत नाही. जगात कुठेच नसलेल्या अक्षरमाळेशी जुळणार काय? म्हणून शून्य. त्या शून्याचा अर्थ एवढाच होता की तपासणी झालेलीच नाही.

पहिला निर्णय

इथे खरा पेच होता. अहवाल अधिकृत होता, त्यावर शिक्का बसला असता, आकडा उत्तम होता. दोन हितचिंतकांनी तिला सांगितलं, "मॅडम, उगीच खाजवून खरूज काढू नका. शून्य आलंय ना, जमा करा आणि मोकळ्या व्हा." मुदत संपत आलेली, सीएचबीचं मानधन वेळेवर नाही, घरात सासूबाईंचं आजारपण. या सल्ल्याला वजन होतं, हे मी नाकारत नाही.

ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी येऊन तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत देते: "प्रबंध शोधगंगेवर जाणार. उद्या कोणी 'कोपी' शोधली, 'वाढं' (उसाचा हिरवा शेंडा) शोधलं, तर माझं एक पानही निघणार नाही. मग त्या मावश्यांची गाणी मी कोणासाठी गोळा केली?"

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक आहे आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगेवर ती सगळ्यांना खुली होते. प्रत खुली असूनही आतला शब्द शोधता येत नसेल, तर ती कुलूप लावलेल्या कपाटासारखीच. गाईडसरांना आम्ही दोघींनी मिळून अहवालाची पानं दाखवली. सरांनी पाच मिनिटं ती चाळली आणि म्हणाले, "हा अहवाल मी जोडणार नाही. पुन्हा करू." सरांचं हे वाक्य फार मोलाचं ठरलं. गाईडने पाठ फिरवली असती तर एकट्या संशोधिकेला हे झेपलं नसतं.

कोणते पर्याय होते

तीनशे पानं युनिकोडमध्ये आणायची होती आणि हातात पाच-सव्वापाच आठवडे. आम्ही तिसऱ्या प्रकरणातली तीच ती पाच पानं घेऊन प्रत्येक मार्ग करून पाहिला. अंदाजावर न जाता असं केलं, याचा पुढे फार उपयोग झाला.

प्रिंट स्कॅन करून त्यातून मजकूर ओळखून घ्यायचा, हा एक मार्ग. साधं गद्य बरंच चांगलं आलं, पण ओव्यांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या आणि तळटीपा मधल्या मजकुरात शिरल्या.

फोनला बोलून टाइप करून घेणं, हा दुसरा. वेग पाहून ती हरखलीच. मग आम्ही नीट वाचलं. "आम्ही आलो व्हतो" हे यंत्राने "आम्ही आलो होतो" केलं होतं. "कोपी" चं "कॉपी" झालं होतं, म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी गेली आणि परीक्षेतली नक्कल आली. यंत्राला प्रमाण मराठी कळते आणि ते आपल्या परीने मदतच करत असतं. पण जिचा अभ्यास बोलीचाच आहे, तिच्यासाठी ही मदत म्हणजे पुरावा पुसून टाकणं. बोलीचे नमुने आणि गाणी बोलून टाइप करायची नाहीत, हे तिथल्या तिथे ठरलं.

तिसरा मार्ग फॉन्ट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरचा. दादांकडे मूळ फाइली जपून ठेवलेल्या होत्या, हे नशीब. पीडीएफ तेवढी उरली असती तर काम दुप्पट झालं असतं. कन्व्हर्टरने तीनशे पानं काही मिनिटांत पालटली, पण पानामागे पंधरा-वीस ठिकाणी अक्षरं मोडली. "कार्य" चं "कायर्", "धर्म" चं "धमर्", "स्थिती" चं "िस्थती". याचंही कारण आहे. जुन्या पद्धतीत डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टाइप करतात: वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो. कन्व्हर्टरला हा क्रम उलटवावा लागतो आणि जोडाक्षर आलं की त्याचा पाय घसरतो.

सगळं नव्याने टाइप करणं, हा शेवटचा. सर्वांत विश्वासाचा, पण एवढ्या दिवसांत एकटीने अशक्य.

शेवटी मिश्र मार्ग ठरला. विवेचनाची प्रकरणं कन्व्हर्टरने पालटून हाताने दुरुस्त करायची आणि ओव्या व बोलीचा शब्दसंग्रह, मिळून साठेक पानं, तिने स्वतः रेकॉर्डिंग ऐकत नव्याने टाइप करायची.

काय केलं

टाइपिंगसाठी ती इनस्क्रिप्ट कळफलक शिकली. डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं, अशी त्याची सोपी विभागणी आहे. पहिले चार दिवस रडकुंडीचे गेले, दहाव्या दिवशी बोटं चालायला लागली. रात्री लाइट असेल तेव्हा ती घरी बसायची आणि दुपारी ग्रंथालयातल्या कोपऱ्यातल्या संगणकावर.

दुरुस्तीचं काम मी आणि तिने वाटून घेतलं. मोडलेल्या अक्षरांची यादी केली आणि शोधा-बदला या सोयीने एकेक दुरुस्त करत गेलो. इथे आमच्या हातून एक मोठी चूक झाली. कन्व्हर्टरने "दुसऱ्या", "साऱ्या", "करणाऱ्या" या सगळ्यांचं "दुसर्या", "सार्या", "करणार्या" केलं होतं. आम्ही घाईत सरसकट "र्या" काढून "ऱ्या" घातलं. संध्याकाळी प्रिंट काढली तर प्रकरणाचं शीर्षक होतं "संशोधनाच्या मऱ्यादा". पऱ्याय, मऱ्यादा, पऱ्यावरण, सगळीकडे तेच. रफाराचा "र्या" आणि मराठीचा खास आडवा "ऱ्या" यांत फरक आहे, तो आपला डोळा करतो, यंत्राला सांगावा लागतो. सुदैवाने दर टप्प्यावर फाइलची वेगळी प्रत तारीख घालून ठेवली होती, म्हणून सकाळच्या प्रतीवर परत जाता आलं. नंतर आम्ही अक्षरं न बदलता अख्खे शब्द बदलले. वेळ लागला, पण पुन्हा तशी वेळ आली नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. "ॲ" हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकसंध "ॲ" किंवा "अ" वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखी, यंत्राच्या लेखी दोन वेगळी अक्षरं. अशा सगळ्या जागा एकसारख्या करून घेतल्या.

रेकॉर्डिंग ऐकताना दुसरी एक उणीव कळली. काही गाणी तिने फडावरून व्हॉट्सॲपने घरच्या फोनवर पाठवली होती आणि मूळ प्रती जुन्या फोनबरोबर गेल्या होत्या. आवाज दबलेला, आणि फाइलच्या नावावरून गाव-तारीख कळत नव्हती. सहा गाण्यांची माहिती वहीतल्या नोंदींवरून जुळवता आली. तीन गाण्यांची आली नाही, ती तिने प्रबंधातून काढली. काढताना तिला फार वाईट वाटलं, पण कोणी गायलं हे ठामपणे सांगता येत नसताना ती ठेवणं बरोबर नव्हतं. गाणाऱ्या बायकांपैकी एक आजी तिला आधीच बजावून गेल्या होत्या, "नुस्तं गाणं नगं घेऊ, माजं नाव बी घाल." ज्यांनी असं सांगितलं त्यांची नावं प्रबंधात आहेत. ज्यांना मुकादमाची भीती होती त्यांची नाहीत.

दुसरा अहवाल आणि दुसरा निर्णय

मुदतीला तीन आठवडे उरले असताना नवा अहवाल आला: २३ टक्के.

आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सापडलं तर दुरुस्त प्रबंध सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये एका वर्षापर्यंत तो देता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. शून्यावरून २३ वर आल्याने ती हादरली. पण या वेळचा अहवाल वाचता येत होता, आणि आम्ही तो ओळ न् ओळ वाचला.

बरंचसं साम्य निर्दोष होतं. तिच्याच प्रसिद्ध झालेल्या लेखातला मजकूर, संदर्भसूची, आणि परंपरेने चालत आलेल्या ओव्या, ज्या दुसऱ्यांनीही नोंदवल्या आहेत. अवतरण म्हणून श्रेय देऊन दिलेला मजकूर, संदर्भसूची आणि योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे नियमानेच वगळले जातात. स्वतःच्या लेखाचा उल्लेख तिने प्रकरणाच्या सुरुवातीलाच केला. प्रत्येक ओवीखाली गाणारी, गाव आणि तारीख आली.

उरलेल्या साम्यातला एक तुकडा मात्र वेगळा होता. मराठवाड्यातल्याच एका जुन्या प्रबंधाशी तिच्या दुसऱ्या प्रकरणातली माहिती आणि विभागणी जुळत होती. गाडी सेंटर, टायर सेंटर, डोकी सेंटर (ऊस वाहण्याच्या पद्धतीवरून पडलेले टोळ्यांचे प्रकार) अशी तोडीची रचना त्यात जवळपास याच क्रमाने मांडलेली होती. तो प्रबंध तिने कधीच पाहिला नव्हता. दोघांनी एकाच पुस्तिकेतून माहिती घेतली होती.

मग नोंदणीच्या वेळी तो कसा सापडला नाही? कारण तेव्हा शोधगंगेवर शोध घेऊन दिला होता मी, आणि मी फक्त "ऊसतोड" असं लिहून शोधलं होतं. त्या प्रबंधाच्या शीर्षकात "उसतोडणी मजूर" असं होतं, ऱ्हस्व उ. एका उकाराने पाच वर्षं तो आमच्यापासून लपून राहिला. ही चूक माझी होती आणि मी ती सरांना सांगितली.

आता पर्याय दोन. तो भाग शब्द फिरवून लिहायचा म्हणजे टक्का उतरेल, किंवा तो प्रबंध नीट वाचून त्याच्याशी खुली चर्चा करायची. शब्द फिरवायला दोन दिवस लागले असते. तिने दुसरा मार्ग घेतला आणि बारा दिवस दिले. दुसरं प्रकरण तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं. आधीच्या संशोधकाने जे मांडलं ते त्याच्या नावाने सांगून ती पुढे गेली. यातून प्रबंधाला बळच आलं, असं मला वाटतं. आधीच्या कामात मजुरी, उचल, स्थलांतर सगळं होतं, बायकांची भाषा नव्हती. आपलं काम कुठून सुरू होतं, हे तिला पहिल्यांदाच नेमकं लिहिता आलं.

निष्पत्ती

तिसरा अहवाल ७ टक्क्यांचा आला. मुदतीच्या चार दिवस आधी प्रबंध जमा झाला. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी दुसऱ्या प्रकरणावर बराच वेळ प्रश्न विचारले आणि तिला त्यांची उत्तरं देता आली. शोधगंगेसाठी माहिती भरताना शब्दसूचीत तिने "ऊसतोड", "उसतोड", "ऊसतोडणी", "उसतोडणी" ही चारही रूपं घातली.

याची किंमतही मोजावी लागली. तीन गाणी गेली. सात आठवड्यांत तिचे बारा तास बुडाले आणि त्यांचं मानधन गेलं. उजव्या मनगटाचं दुखणं दोन महिने पुरलं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, सिनॉप्सिसच्या पहिल्या ओळीपासून युनिकोड. हा निर्णय आपण डीटीपीवाल्यावर सोडतो आणि तो टायपिंगचा प्रश्न समजतो. गाईडने पहिल्या प्रकरणाची प्रिंट हातात घेताना फाइलही मागितली असती, तर चूक वीस पानांवर थांबली असती. आरआरसीसमोर, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीसमोर, सादरीकरण होतं तेव्हा तरी कोणी हे पाहायला हवं होतं.

अहवालाचा आकडा सांगून चालत नाही, अहवाल उघडून वाचावा लागतो. शून्य आलं तर आधी वाचावा. आमच्याकडे आता असा नियम केला आहे की ग्रंथालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक अहवालाची तीन पानं संशोधकाने माझ्यासमोर वाचून दाखवायची.

विषय शोधताना ऱ्हस्व-दीर्घाची सगळी रूपं, जुनी-नवी नावं आणि रोमन लिपीतली संभाव्य स्पेलिंगं घालून पाहायला हवीत. शोधगंगोत्रीवरच्या चालू संशोधनाच्या रूपरेषाही पाहाव्यात. तरीही जुन्या फॉन्टमधले प्रबंध शब्दाने सापडणार नाहीत; तिथे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन विषयवार यादी डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही.

क्षेत्रकार्यातलं रेकॉर्डिंग त्याच रात्री गाव आणि तारीख असं नाव देऊन दोन ठिकाणी ठेवायला हवं होतं. व्हॉट्सॲप पाठवण्यासाठी ठीक आहे, जतनासाठी नाही.

एका प्रश्नावर माझं आणि सरांचं अजून एकमत नाही. मुदतवाढीचा अर्ज करून तिने गेलेल्या तीन गाण्यांच्या बायकांना पुन्हा शोधायला हवं होतं, असं सर म्हणतात. त्या टोळ्या तेव्हा फडावर होत्या, नेमक्या कोणत्या कारखान्यावर ते माहीत नव्हतं, आणि वाढ मिळेलच याची खात्री नव्हती. मला तिचा निर्णय बरोबर वाटतो. गेल्या पाडव्यानंतर ती स्वतःच त्या गावांना जाऊन आली. तिघींपैकी एक मावशी भेटल्या. गाणं पुन्हा म्हणताना त्यांनी दोन ओळी नव्या घातल्या, आणि या वेळी फाइलला नाव त्यांच्यासमोरच दिलं.